कॅमेऱ्याचा अलार्म: हालचाल टिपण्यापासून वॉचमन गच्चीवर पोहोचेपर्यंत

मुंबईत आज गिरगावातल्या चाळीच्या जिन्यापासून अंधेरीतल्या औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यापर्यंत कॅमेरे सर्वत्र दिसतात. परंतु त्यांचा उपयोग बहुधा घटना घडून गेल्यावर फुटेज शोधण्यापुरताच होतो. घटना घडत असतानाच कोणाला तरी कळावे, यासाठी त्याच यंत्रणेत अलार्मची सोय असते. विक्रेता ती सोय कौतुकाने दाखवतो, पहिल्या आठवड्यात फोनवर सूचनांचा पाऊस पडतो आणि दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी वैतागून सगळ्या सूचना बंद करून टाकतात. यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो.

अलार्मचे चार टप्पे असतात. काहीतरी बदलल्याचे टिपले जाते, तो बदल घातलेल्या अटीत बसतो का हे तपासले जाते, ठरवून दिलेली कृती होते आणि त्या कृतीला कोणीतरी माणूस प्रतिसाद देतो. पहिले तीन टप्पे फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या मेनूमध्ये सापडतात. चौथा मेनूमध्ये नसतो, आणि तोच न ठरवल्यामुळे बाकीच्या तिन्ही टप्प्यांवरची मेहनत वाया जाते. म्हणून हा लेख मेनूपासून सुरू होत नाही.

आधी कागदावर

उदाहरणादाखल उपनगरातली दोन विंगची, सात मजल्यांची, आठ कॅमेऱ्यांची सोसायटी घेऊ. फाटक, दोन्ही विंगचे प्रवेशद्वार, स्टिल्ट पार्किंग, मागची कंपाउंड भिंत, पंप रूम आणि दोन गच्च्या, अशा आठ जागा तिथे टिपल्या जातात. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: इथे नेमके काय घडले तर अलार्म हवा, दिवसाच्या कोणत्या वेळी हवा, आणि तो वाजल्यावर कोण जाऊन पाहणार.

ही यादी प्रामाणिकपणे केली, तर आठपैकी चार-पाच जागा आपोआप गळतात. फाटकावर दिवसभर माणसे, दूधवाले, कुरिअरवाले आणि रिक्षा ये-जा करणारच. तिथे हालचालीचा अलार्म लावणे म्हणजे वॉचमनला बहिरे करणे होय. फाटकाचा कॅमेरा चेहरा आणि गाडीचा क्रमांक टिपण्यासाठी असतो आणि त्याने तेवढेच करावे. याउलट रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत मागच्या भिंतीवरून कोणी आत उतरले, कुलूप असताना गच्चीवर कोणी दिसले किंवा पंप रूमचे दार उघडले, तर ते निश्चितच कळायला हवे. ज्या अलार्मसमोर जाऊन पाहणाऱ्याचे नाव लिहिता येत नाही, तो लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेरा हालचाल कशी ओळखतो

साधे मोशन डिटेक्शन चित्रातला माणूस ओळखत नाही. लागोपाठच्या चित्रांची तुलना करून कोणत्या भागातला प्रकाश किंवा रंग किती बदलला, एवढेच ते मोजते. चित्रावर चौकटींची जाळी टाकलेली असते आणि त्यातल्या हव्या तेवढ्याच चौकटी आपण निवडू शकतो. पुढे दोन आकडे येतात. किती लहान बदलाला बदल मानायचे, हे संवेदनशीलता ठरवते. निवडलेल्या भागाचा किती हिस्सा एकाच वेळी बदलला म्हणजे अलार्म द्यायचा, हे मर्यादा ठरवते. काही कंपन्यांच्या मेनूमध्ये हे दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात, तर काहींमध्ये एकच पट्टी सरकवावी लागते. दोन्ही असतील, तर आधी संवेदनशीलता मध्यावर ठेवून मर्यादा हळूहळू वाढवत न्यावी. घाईत संवेदनशीलताच खूप कमी केली, की रात्रीच्या अंधारात गडद कपड्यांतला माणूसही सुटतो.

प्रकाश बदलला की अलार्म, एवढाच हिशेब असल्यामुळे या पद्धतीला मुंबईत चकवणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. पार्किंगमध्ये वळणाऱ्या गाडीचा हेडलाइट भिंतीवरून फिरतो, माडाची झावळी हलते, कठड्यावर कबुतरे बसतात, गणपतीच्या दिवसांत मंडपाची लुकलुकणारी रोषणाई समोरच्या इमारतीवर पडते आणि जून ते सप्टेंबर पावसाच्या सरी आडव्या येतात. सर्वांत चिवट त्रास मात्र रात्रीचा असतो. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेऱ्याभोवती किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो. काचेपासून चार बोटांवर विणलेला एक धागा इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्याशुभ्र दोरखंडासारखा चमकतो आणि वाऱ्याने हलला, की निम्मे चित्र बदलल्याची नोंद होते. मेनूमध्ये यावर इलाज नाही. लांब दांड्याच्या मऊ झाडूने जाळी काढणे, कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे बंद करून काही फुटांवर वेगळा इन्फ्रारेड दिवा लावणे, किंवा त्या जागी रात्रभर साधा एलईडी दिवा ठेवणे, हे तीन खरे उपाय आहेत. शेवटचा स्वस्त पडतो, शिवाय चित्र रंगीत मिळते.

अलीकडच्या कॅमेऱ्यांत किंवा रेकॉर्डरमध्ये माणूस आणि वाहन वेगळे ओळखण्याची सोय असते आणि तिच्या आधारावर दोन उपयुक्त नियम लावता येतात. एका नियमात चित्रावर रेषा आखली जाते आणि ठरलेल्या दिशेने ती ओलांडली तरच अलार्म येतो; दुसऱ्यात चौकोन आखला जातो आणि त्यात शिरून ठरलेले काही सेकंद कोणी थांबले, तर अलार्म येतो. मागच्या भिंतीला रेषा शोभते आणि पंप रूमसमोरच्या जागेला चौकोन. रेषा चित्राच्या अगदी कडेला आखू नये. माणूस रेषेपर्यंत पोहोचण्याआधी आणि ओलांडल्यानंतरही काही क्षण कॅमेऱ्याला दिसला, तरच त्याने दिशा ओळखली असे होते. रेषा भिंतीच्या माथ्यावर न आखता, उतरलेला माणूस जिथून चालणार त्या जमिनीवर आखावी.

ही ओळख होण्यासाठी चित्रात माणूस पुरेसा मोठा दिसावा लागतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ सालच्या आवृत्तीनुसार तिथे कोणीतरी आहे हे कळण्यासाठी दर मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५० पिक्सेल लागतात. हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. तोच कॅमेरा सहा मीटर रुंदीचे फाटक पाहत असेल, तर दर मीटरला ३२० पिक्सेल मिळतात आणि चेहरा स्पष्ट येतो. तोच तीस मीटर लांबीची भिंत पाहत असेल, तर ६४ मिळतात. तेवढ्यात अलार्म देता येईल, पण चेहरा मिळणार नाही. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्हींची अपेक्षा करून नंतर इन्स्टॉलरला बोल लावण्यापेक्षा हा भागाकार आधी करावा.

तारेने जोडलेले सेन्सर

पंप रूम, मीटर रूम किंवा गाळ्याचे शटर अशा जागी चित्रातल्या हालचालीपेक्षा साधा सेन्सर अधिक भरवशाचा ठरतो. अनेक रेकॉर्डरच्या मागे आणि काही कॅमेऱ्यांच्या शेपटाला अलार्म इनपुटची टर्मिनल असतात. त्यांना वीज द्यायची नसते. दोन तारा जुळल्या आहेत की सुटल्या आहेत, एवढेच रेकॉर्डर पाहतो. इन्स्टॉलर याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतात.

सेन्सर दोन तऱ्हांनी जोडता येतो. एनओ (नॉर्मली ओपन) म्हणजे एरवी तारा सुटलेल्या आणि अलार्मच्या वेळी जुळणाऱ्या. एनसी (नॉर्मली क्लोज्ड) म्हणजे एरवी जुळलेल्या आणि अलार्मच्या वेळी सुटणाऱ्या. नेहमी एनसी निवडावी. कोणी तार कापली, उंदराने कुरतडली किंवा खाऱ्या हवेने टर्मिनल गंजून तुटले, तरी सर्किट उघडते आणि अलार्म येतो. एनओ जोडणीत मात्र तुटलेली तार गप्प राहते. मेनूमध्येही त्या इनपुटचा प्रकार एनसी असाच निवडावा लागतो, नाहीतर सारे उलटे चालते आणि दार बंद असतानाच अलार्म वाजत राहतो.

दारासाठी चुंबकाचा स्विच पुरतो. लोखंडी शटरला मात्र लाकडी दाराचा छोटा स्विच लावू नये. पावसाळी वाऱ्यात शटर इंच-दीड इंच पुढेमागे हलते आणि तेवढ्यानेच लहान स्विच सुटतो. शटरसाठी धातूच्या आवरणाचा, जमिनीवर बसणारा आणि जास्त अंतर चालवून घेणारा वेगळा स्विच मिळतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शटरचा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट असे सांगून तो मागावा.

पीआयआर सेन्सर माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा सभोवतालाशी असलेला फरक टिपतो. त्याला सहसा वेगळी १२ व्होल्टची वीज लागते, म्हणून त्याला चार तारा जातात, दोन विजेच्या आणि दोन संपर्काच्या. तो लावताना मुंबईपुरत्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले, की फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालच्या गाळ्यात दुपारी हे हमखास घडते. दुसरे म्हणजे सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणाऱ्या माणसापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. म्हणून तो दाराच्या समोर न लावता दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावावा.

भोंगा जोडताना

अलार्म आउटपुट म्हणजे रेकॉर्डरमधला एक छोटा रिले. तो वीज पुरवत नाही, फक्त स्विचचे काम करतो. १२ व्होल्टच्या हुटरला, म्हणजे छोट्या भोंग्याला, वेगळा अडॅप्टर द्यावा, त्याची धन तार रेकॉर्डरच्या एनओ आणि कॉम (सामाईक) या टर्मिनलमधून फिरवून हुटरला न्यावी आणि ऋण तार थेट जोडावी. या रिलेची क्षमता किती, हे माहितीपत्रकात पाहावे. ती साधारणपणे १२ व्होल्टला एक अँपिअरच्या आसपास असते. २३० व्होल्टचा मोठा भोंगा किंवा फ्लडलाइट या टर्मिनलला कधीही थेट जोडू नये. मध्ये योग्य क्षमतेचा दुसरा रिले घालावा, रेकॉर्डरने त्याची कॉइल (रिले चालू-बंद करणारे तारेचे वेटोळे) चालवावी आणि २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. त्या रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावावा, म्हणजे त्याचे पट्टा असलेले टोक धन बाजूला येईल. कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेजचा झटका हा डायोड पचवतो. दोन रुपयांच्या या तुकड्याअभावी रेकॉर्डरच्या आतला रिले चिकटून बसतो आणि मग भोंगा थांबता थांबत नाही.

भोंगा किती वेळ वाजावा, हे मेनूमध्ये ठरवता येते. वस्तीत ते एका मिनिटाच्या आत ठेवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि भोंग्याचा आवाज त्याच्या कितीतरी पुढचा असतो. माझा अनुभव असा, की गच्चीवरच्या कर्कश भोंग्यापेक्षा वॉचमनच्या केबिनमधला साधा बझर आणि गच्चीवर झटकन लागणारा दिवा हे अधिक उपयोगी पडतात.

वेळापत्रक, जोडकृती आणि रेकॉर्डिंग

आता कागद समोर ठेवून रेकॉर्डरचा मेनू उघडावा. प्रत्येक नियमाला वेळापत्रक असते. आठवड्याच्या सातही दिवसांना तेच वेळापत्रक लागू केले आहे ना, हे तपासावे, कारण सोमवारचे वेळापत्रक भरून बाकीचे दिवस तसेच सोडून देणे ही अगदी सामान्य चूक आहे. त्याआधी रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यावे आणि टाइम झोन अधिक ५:३० ठेवावा. घड्याळ चुकले, की वेळापत्रकही चुकते आणि पुरावाही.

त्यानंतर जोडकृती निवडायच्या असतात. फोनवर सूचना, ईमेल, बझर, आउटपुट, रेकॉर्डिंग आणि फिरता कॅमेरा असल्यास त्याला ठरलेल्या कोनात वळवणे, अशा त्या असतात. सगळ्या चौकटींत टिचकी मारण्याचा मोह टाळावा. मागच्या भिंतीचा अलार्म आला, की त्या कॅमेऱ्याबरोबर शेजारच्या पार्किंगच्या कॅमेऱ्याचेही रेकॉर्डिंग जोडावे, म्हणजे माणूस पुढे कुठे गेला हे कळते. अलार्मच्या आधीचे पाच ते दहा सेकंद राखून ठेवण्याची सोय अवश्य चालू करावी. नाहीतर क्लिप सुरू होते तेव्हा माणूस भिंत उतरून पाठमोरा झालेला असतो.

डिस्क वाचवण्यासाठी फक्त अलार्मच्या वेळीच रेकॉर्डिंग करावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो मला पटत नाही, कारण अलार्म हुकला तर फुटेजही हुकते. सेकंदाला चार मेगाबिट वेगाने रेकॉर्ड होणारा प्रत्येक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो. आठ कॅमेऱ्यांना सुमारे ३४५ जीबी लागते आणि चार टीबीची डिस्क साडेअकरा दिवस पुरते. वेग दोन मेगाबिटवर आणला, तर हाच काळ तेवीस दिवसांवर जातो. सतत रेकॉर्डिंग ठेवावे आणि अलार्मचा उपयोग त्या फुटेजवर खूण म्हणून करावा.

फोनपर्यंतची वाट

रेकॉर्डरमधली सूचना थेट फोनवर येत नाही. ती राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथून गूगल किंवा अॅपलच्या सेवेकडे आणि मग फोनवर येते. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तरी रेकॉर्डर आपले काम चोख करत असतो आणि फोन मात्र शांत असतो. अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी अॅप झोपवून ठेवले जाते. त्या अॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे आणि रात्रीच्या डू नॉट डिस्टर्बमधूनही सूट द्यावी. जीमेलवरून ईमेल पाठवायचे असल्यास नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो आणि पोर्ट ४६५ किंवा ५८७ ठेवावे लागते.

बाहेरून पाहता यावे म्हणून राउटरवर पोर्ट उघडून ठेवू नये आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तर एक दिवसही ठेवू नये. २०१६ साली पसरलेल्या मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते.

वीज हा या वाटेवरचा दुसरा कच्चा दुवा होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला होता. तसे रोज होत नाही, पण पावसाचे पाणी मीटर रूममध्ये शिरले, की खबरदारी म्हणून पुरवठा बंद केला जातो आणि नेमक्या त्या वेळी सोसायटी उघडी पडते. यूपीएसवर फक्त रेकॉर्डर ठेवून भागत नाही; कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस किंवा पीओई स्विच, राउटर, इंटरनेटचा फायबर बॉक्स आणि हुटरचा अडॅप्टर हे सगळे त्याच यूपीएसवर हवेत. रेकॉर्डर तळमजल्यावर असेल, तर तो जमिनीपासून निदान छातीएवढ्या उंचीवर बसवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

यंत्रणेच्या स्वतःच्या तक्रारी

चोरापेक्षा बिघाडाचे अलार्म अधिक महत्त्वाचे आहेत, असे मी म्हटले तर विचित्र वाटेल. पण बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा शोध बहुधा चोरीनंतरच लागतो. कॅमेऱ्याचे चित्र गेले, कोणी काच झाकली, डिस्क बिघडली, नेटवर्क तुटले किंवा चुकीच्या पासवर्डने कोणी वारंवार शिरू पाहिले, या सर्वांसाठी वेगवेगळे अलार्म असतात. त्यांची मूळ कृती सहसा रेकॉर्डरच्या आतल्या बझरपुरती असते, आणि रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात असल्यामुळे तो बझर कोणालाच ऐकू येत नाही. हे अलार्म चोवीस तास चालू ठेवून फोनवर जोडावेत. डिस्क भरल्याचा अलार्म मात्र नको; जुने फुटेज पुसून नवे लिहिण्याची सोय चालू केली, की त्याची गरज उरत नाही.

इथे एक पेच आहे. नेटवर्कच तुटले, तर नेटवर्क तुटल्याची सूचना जाणार कशी? काही कंपन्यांचा सर्व्हर रेकॉर्डर संपर्कात नसल्याची सूचना स्वतःहून पाठवतो. ती सोय अॅपमध्ये शोधून चालू करावी. ती नसल्यास रेकॉर्डरकडून रोज सकाळी एक ठरलेला चाचणी-अलार्म येईल अशी व्यवस्था करावी आणि तो न येणे हाच इशारा समजावा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकत्र करताना चित्र दिसते पण अलार्म पोहोचत नाहीत, हेही अनेकदा घडते. खरेदीआधी दोन्ही उपकरणांवर ऑनव्हिफचे (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठीच्या मानकाचे) कोणते प्रोफाइल आहे ते विचारावे. प्रोफाइल एस प्रामुख्याने चित्र पोहोचवण्यापुरते आहे. हालचाल आणि छेडछाडीच्या सूचनांसाठी प्रोफाइल टी पाहावे, आणि माणूस-वाहन अशा वर्गीकरणाच्या माहितीसाठी प्रोफाइल एम.

चालून पाहणे

सगळे लावून झाल्यावर रात्री, दिवे नेहमीच्या स्थितीत ठेवून, प्रत्यक्ष चालून पाहावे. एकाने भिंतीजवळून हळू चालावे, मग वाकून, मग छत्री उघडून, मग गाडीचे हेडलाइट चालू असताना; दुसऱ्याने फोनकडे पाहत सूचना किती सेकंदांनी आली ते लिहावे. सेन्सरची तार टर्मिनलवरून सोडवून अलार्म येतो का पाहावे, कॅमेऱ्यावर रुमाल टाकून पाहावा, यूपीएसचा प्लग काढून पाहावा. पहिले दोन आठवडे प्रत्येक अलार्मची वहीत नोंद ठेवावी: वेळ, कॅमेरा, खरा की खोटा आणि खोटा असल्यास कारण. नंतर एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे फरक पडला हे कळते. एखादा अलार्म रात्रीतून दोनदा खोटा येत असेल, तर तो सुधारेपर्यंत भोंग्यापासून तोडून फक्त नोंदीपुरता ठेवावा. मान्सूनच्या तोंडावर आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण झाडे वाढलेली असतात आणि कनेक्टरवर गंज चढलेला असतो.

प्रतिसादाची रीतही याच वेळी ठरवावी. सूचना आली, की सेक्रेटरींनी आधी थेट चित्र पाहावे आणि मगच केबिनमध्ये फोन करावा: “काका, बी विंगच्या गच्चीवर कोणीतरी दिसतंय. एकटे वर जाऊ नका, आधी गच्चीचा दिवा लावा, मी खाली येतोय.” वॉचमनने एकट्याने कोणाला अडवू नये, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. माणूस खरोखर आत शिरला असेल, तर ११२ वर फोन करावा आणि इमारतीचे नाव, विंग व जवळची खूण सांगावी.

नंतर पोलिसांना क्लिप द्यायची असेल, तर मोबाइलने पडद्याचे चित्रण करून देऊ नये. रेकॉर्डरमधून मूळ फाइल, घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही मिनिटांसह, पेनड्राइव्हवर काढावी आणि त्या कंपनीचा प्लेअरही सोबत घ्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) लिहावे लागते. म्हणून फाइल काढल्याबरोबर हॅश काढून ठेवावा आणि त्यानंतर ती फाइल कापू, रूपांतरित करू किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवू नये, कारण व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करते आणि हॅश बदलतो. जुने फुटेज आपोआप पुसले जात असते, हे लक्षात ठेवून हे काम त्याच दिवशी करावे आणि रेकॉर्डरवरही तो भाग लॉक करून ठेवावा.